वाट आधी कुणाची

गाडीच्या परीक्षेत शिलाईवाल्या काकू दोनदा नापास झाल्या, आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळा अगदी उलट कारणांनी. पहिल्या वेळी त्या गोल चौकाच्या तोंडाशी इतका वेळ थांबल्या, की परीक्षा घेणाऱ्या बाईंनी सगळा फॉर्म भरला, पेनाला टोपण लावलं आणि मग घड्याळ बघितलं. दुसऱ्या वेळी काकू थांबल्याच नाहीत. शेजारच्या लेनमधल्या पावाच्या गाडीने करकचून ब्रेक मारला म्हणून निभावलं. आता माणसाने थांबावं की जावं? काकूंना खरोखर कळेनासं झालं होतं.

आणि न कळून चालण्यासारखं नव्हतं. काकांच्या किडन्यांनी हात टेकले होते. आठवड्यातून तीन सकाळी डायलिसिस, आणि हॉस्पिटल गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. चक्कर यायला लागल्यापासून काकांचं गाडी चालवणं डॉक्टरांनी बंद केलेलं. इतके दिवस मुलगी नेत होती, पण तिची बदली झाली होती आणि एक तारखेला ती निघणार होती. काकूंची तिसरी परीक्षा अठ्ठावीसला. त्यात नापास झालं की पुढचे तीन महिने नाव घालता येत नाही. एकूण सगळं घोडं अठ्ठावीस तारखेवर येऊन अडलं होतं.

गोंधळाचं मूळ असं, की काकूंना शिकवणारे दोघे होते. एक ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. ते म्हणत, आधी आरसा, मग इंडिकेटर, मग मान वळवून बघायचं, आणि ज्या लेनमध्ये जायचंय तिथे जो आहे त्याचा हक्क पहिला. जागा नसेल तर थांबायचं. दुसरे घरचे. काकांनी तीस वर्षं शहराची बस चालवली होती, एक ओरखडा न काढता. दुपारी मशीनवर काकू कुणाच्या तरी पडद्यांना टिपा मारत बसल्या, की काका पलंगावरून धडा सुरू करत.

"इंडिकेटर द्यायचा, मनात तीन मोजायचे, आणि घ्यायची. मागचा थांबतो."

"आणि नाही थांबला तर?"

"अगं, तीस वर्षांत नाही थांबला असं झालं नाही. तू घाबरतेस, ते त्यांना दिसतं."

काकूंनी ते पटवून घेतलं. नवऱ्याचं ऐकायचं म्हणून नव्हे हं, काकू तसल्या नव्हत्या. पण एवढ्या अनुभवाच्या माणसापुढे तो कालचा पोरगेला मास्तर काय, असं त्यांना वाटलं. म्हणून तर पावाच्या गाडीपुढे त्यांनी बेधडक गाडी घातली.

मास्तरांनी विचारलं, "ताई, हे तीन मोजायचं कुठून काढलंत?"

काकूंनी सांगितलं. मास्तर आधी हसले, मग त्यांनाच कसंसं झालं. "अहो ताई, बस येतेय म्हटल्यावर कोण आडवं जाईल? बारा मीटर लांब धूड ते! तुमच्या या डबीसाठी कोण थांबणार?"

काकूंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायला हवा होता. पडला उलट अंधार. कारण आता हे काकांना सांगायचं कुणी? बिचाऱ्याचं पथ्याचं जेवण बेचव, पाणीसुद्धा मोजून, आणि दिवसातून एकदा चेहऱ्यावर तेज यायचं ते फक्त गाडी शिकवताना. ते तेवढंही काढून घ्यायचं? काकूंची जीभ रेटेना. मग त्यांनी मधला मार्ग काढला, आणि तोच नडला. स्कूलच्या गाडीत मास्तरांचं, घरच्या गाडीत काकांचं. परिणाम असा, की कुठल्याही गाडीत बसलं तरी हात एक करायचा आणि पाय दुसरं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी काका हट्टाने शेजारच्या सीटवर येऊन बसले. मोठ्या रस्त्यावर पुढे काम चालू होतं, दोन लेनची एक होत होती, आणि काकू नेमक्या बंद होणाऱ्या लेनमध्ये.

"दे इंडिकेटर. एक, दोन, तीन. घे!"

काकूंनी घेतली. पाण्याच्या टँकरने कानठळ्या बसवणारा भोंगा मारला. काकूंनी गाडी परत ओढली.

"का नाही थांबला तो?" काका रागावले नव्हते. खरंच विचारत होते. "बेशिस्त मेला. पुन्हा दे."

पुन्हा दिला. एक मोटार सुर्रकन निघून गेली. तिच्यामागून दुसरी. तिसऱ्या वेळी तर एका बाईने आतून हातवारे करून काकूंची अक्कल काढली. काका पुढे वाकून प्रत्येक गाडीकडे बघत होते. ओळखीच्या गल्लीत चुकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. शेवटी मोठी फट मिळाली तेव्हा काकू आत शिरल्या.

"मी एकही गाडी ठोकली नाही, तीस वर्षांत," काका म्हणाले.

"नाही ठोकलीत."

"म्हणजे दर वेळी ते थांबत होते."

काकूंना रडूच आलं. त्यांनी उगाच वायपर चालू केले आणि बंद केले. काका घरापर्यंत बाहेर बघत राहिले. त्या दुपारी पलंगावरून धडा झाला नाही.

अठ्ठावीसला काकू पास झाल्या. कशा, ते विचारू नका. त्यांनाही नीट सांगता येणार नाही. लेन बदलायला सांगितल्यावर त्यांनी आरसा बघितला, मान वळवली, जागा नव्हती, थांबल्या. परीक्षावाल्या बाई म्हणाल्या, "जायचंय ना तुम्हाला?" काकू म्हणाल्या, "जायचंय, पण ते आधीपासून तिथे आहेत." बाईंनी काहीतरी लिहिलं. हे चांगलं झालं की वाईट, हे काकूंना कागद हातात पडेपर्यंत कळलं नाही. घरी आल्यावर त्यांनी तो काकांना दाखवला. काका "छान" म्हणाले आणि कुशीवर वळले.

मुलगी गेली. दोन तारखेच्या सकाळी काका काकूंच्या शेजारी बसले, पट्टा लावला. रस्त्याचं काम चालू होतं तिथे त्या दिवशी रांगच रांग होती. काकूंनी इंडिकेटर दिला आणि थांबल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. मागून भोंगे सुरू झाले. डायलिसिसची वेळ चुकली तर खाट दुसऱ्याला देतात, आणि मग उद्यावर जातं. हक्क त्या लेनमधल्यांचा, हे कबूल. पण मग आपली पाळी कधी येणार, हे ना मास्तरांनी सांगितलं होतं, ना पुस्तकाने.

तेवढ्यात काकांनी काच खाली केली. डायलिसिसच्या सुयांवर पट्टी बांधलेला हात बाहेर काढला, दुसराही काढला, आणि अर्धं अंग खिडकीतून वळवून शेजारच्या मालट्रकच्या ड्रायव्हरपुढे दोन्ही हात जोडले.

"येऊ द्या हो आम्हाला," काका म्हणाले. "दवाखान्यात जायचंय."

ड्रायव्हर थांबला. काकूंनी आरसा बघितला, मान वळवली, आणि गाडी आत घेतली. काका अजून तसेच वाकून मागे बघत होते, त्या माणसाला पुन्हा पुन्हा मान तुकवत.