शेंगारावांची वेल

"माणूस मरतो, वंश बुडतो, पण ज्याच्या हातून एका शेंगेला नाव मिळालं, तो अमर झाला," शेंगाराव नव्या संशोधक मुलीला सांगत होते. त्यांचं स्वतःचं अमरत्व वाळक्या वनस्पतींच्या त्या संग्रहालयात, डांबरगोळ्यांच्या वासात, त्यांनी शोधलेल्या वेलीच्या लाल फोल्डरमध्ये होतं. जगात ते ठाऊक असलेली माणसं एका बाकावर मावली असती.

मुलगी म्हणाली, "सर, आधी बसून घ्या."

शेंगाराव बसले. शेंगवाल्या वनस्पतींची त्यांनी हयातभर कपाटांत लावलेली तीन घराणी या नव्या मंडळींनी जनुकं तपासून सहा केली, तेही त्यांनी उभ्यानेच ऐकलं होतं. वाटण्या घरोघर होतात, एवढंच म्हणाले होते.

"तुमच्या वेलीची पाकळी आणि शेंग, दोन्ही तपासली. पाकळी एका वेलीची आहे, शेंग दुसरीची. दोन्ही वेली पूर्वीपासून माहीत असलेल्या. एकाच झुडपावर गुंतल्या असणार."

"मग त्यातली माझी कुठली?"

"कुठलीच नाही, सर. अशी वेलच नाही."

फूल वसंतात तोडायचं आणि शेंगेसाठी हिवाळ्यात पुन्हा त्याच झुडपाशी जायचं, हा या कामाचा रिवाज. त्या हिवाळ्यात शेंगाराव काविळीने आडवे झाले होते. बायको म्हणाली, झुडूप कुठलं ते सांगा, मी जाते. काट्यांनी हात ओरबाडून घेऊन तिने ओंजळभर शेंगा आणल्या. शेंगारावांनी त्या फुलाशेजारी चिकटवल्या, नवी वेल जाहीर केली आणि तिला बायकोचं नाव दिलं. मूलबाळ नव्हतं, नाव ठेवायचा प्रसंग आयुष्यात तेवढाच आला.

"शेंगा कुणी तोडल्या होत्या?" मुलीने विचारलं. शोधनिबंधात तसं लिहावं लागणार होतं.

"मीच," शेंगाराव म्हणाले. "घाईत होतो."

तिने समजूत घातली, की नाव पुसलं जात नाही, चुकीचं नाव म्हणून कायम राहतं. शेंगारावांनी मान डोलावली. फोल्डरची नाडी बांधायला गेले, पण गाठ काही बसेना. शेवटी ती तिनेच बांधली.

घरी बायको वर्षभर अंथरुणाला खिळून होती. भेटायला येणाऱ्याला ती आजाराच्या आधी वेलीचं सांगे. डॉक्टरांनी आशा सोडल्याचं तिच्याखेरीज सगळ्यांना माहीत होतं. तिच्यापासून लपवायच्या गोष्टी आता दोन झाल्या.

"अहो, माझी वेल काय म्हणते?" सासरी दिलेल्या मुलीची चौकशी करावी तसं तिने विचारलं.

"मजेत आहे. जागच्या जागी."

"बरं झालं." ती जरा दम खायला थांबली. "मी शेंगा तेवढ्या बघितल्या. तिचं ताजं फूल काही बघायला मिळालं नाही. उद्या येताना एक डहाळी आणाल का? फूल आणि शेंग दोन्ही असलेली. छोटीशी चालेल."