शेळ्यांनी चाखलेलं झाड

"कमठा मोडलेल्या गड्याला बायकू कशाला पायजे रं?" सासू एंदेकोनं सगळ्या वस्तीदेखत जावयाला विचारलं.

सागिरो मान खाली घालून बसला. खाऱ्या तळ्याकाठच्या त्या वस्तीत रीतच तशी होती. जावयानं सासूच्या झोपडीशेजारी राहायचं आणि शिकार आणून तिचं तोंड गोड ठेवायचं. मागच्या पुनवेला सागिरोचा कमठा, त्याचं एकुलतं धनुष्य, चिरला, आणि तेव्हापासून सासूचं तोंड काही मिटलं नव्हतं.

"चांद भरला की आमी डोंगरापल्याड जानार, बुंगाला घिऊन. कमठा आसंल तर ये. न्हाईतर बस हितंच माशा मारत."

"येतो की, आत्याबाई."

बुंगा गोरखचिंचेची फळं फोडत होती. तिनं नवऱ्याकडं वर डोळा करूनही पाहिलं नाही. सासूच्या बोलण्यापेक्षा त्याला तेच जास्त लागलं.

नव्या कमठ्यासाठी झाड त्यानं हेरून ठेवलं होतं. खडकाच्या आडोशाला, मनगटाएवढं, सरळसोट. तीन पावसाळे तो गुपचूप जाऊन त्याचे बाजूचे फुटवे खुडत आला होता. फुटवा राहिला की तिथं गाठ धरते, आणि गाठीपाशी कमठा दगा देतो. ही जागा म्हाताऱ्या गोंगाशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

दोघं तिथं पोचले तर खडकाभोवती लेंड्याच लेंड्या. गुराख्यांच्या शेळ्या येऊन गेल्या होत्या. एका अंगाची साल हातभर कुरतडलेली, आतलं लाकूड काळं पडलेलं.

गोंगानं त्यावरून अंगठा फिरवला. "सोड नाद. ही बाजू मेलीया."

"दुसरं दाव की मग, काका!"

म्हाताऱ्यानं चारी दिशांना नजर टाकली. नुसती लाल माती आणि काटे. "सरळ वाढंल ते शेळीच्या तोंडात, आन् वाकडं वाढंल ते आपल्या नशिबात," तो म्हणाला. "तोड बाबा. मेलेलं आंग पोटाकडं, म्हंजी तुज्याकडं घे. समदा ताण पाठीवर येतो. पर सावलीत म्हैनाभर तरी वाळू दे."

"चांद भरायला सा दिस ऱ्हायलेत."

म्हाताऱ्यानं खोड धरून ठेवलं, आणि सागिरोनं ते बुंध्याशी तोडलं.

सागिरोनं दातांनी साल सोलली. सुरीनं तासून दोन्ही टोकं निमुळती केली. वस्तीवर आणून तीन दिवस सावलीत ठेवलं, पण लाकूड हाताला गारच लागत होतं. चौथ्या दिवशी त्याचा धीर सुटला. चरबी चोपडून त्यानं ते निखाऱ्यांवर शेकलं आणि झाडाच्या बेचक्यात घालून इंच इंच वाकवलं. गोंगा शेजारी बसून नुसता "हळू, हळू" म्हणत होता. पाचव्या दिवशी कमठ्याला तांत, त्याची दोरी, चढली.

पहिल्यांदा ओढला, कमठा टिकला. दुसऱ्यांदा जरा जास्त ओढला, तरी टिकला. बुंगा पाण्याचा भोपळा घेऊन आली आणि कितीतरी दिवसांनी हसली. त्या हसण्यानंच घात केला. तिच्यादेखत सागिरोनं तांत पार कानापर्यंत खेचली.

कडाड् वाजलं. शेळ्यांनी चाखलं होतं, बरोबर तिथंच मोडला.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. एंदेको उठली, लांबका तुकडा उचलला आणि हातात तोलून पाहिला.

"लाकूड चिवट हाय," ती म्हणाली. आज तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "कंदं खनायला बरी काठी हुईल. टोक काढून दे."

सागिरोनं टोक काढलं. शेकून कडक केलं, चरबी लावली. इतकं मन लावून त्यानं उभ्या जन्मात काम केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मायलेकी निघाल्या. बुंगानं एकदाच मागं वळून पाहिलं. रिकाम्या हातानं सोबत निघायला सागिरोला तोंड नव्हतं.

दुपारी तो त्यांच्या वाटेनं थोडा चालत गेला. वाटेकडेला ताजे खड्डे खणलेले होते. पहिल्या खड्ड्याच्या काठावर एक जाडजूड कंद ठेवला होता, एकट्या माणसाला पुरेल एवढा. तो तिथंच बसून चघळत राहिला. खड्डे एकामागून एक डोंगराकडं गेले होते, खोल आणि नीट खणलेले.

काठी चांगली चालत होती.