न्यूरेनबर्गचं वाकडं धुराडं

जर्मन हातचं काम मी डोळे मिटून ओळखेन, असं हृषिकेश कचऱ्याच्या डब्यांपाशी उभा राहून म्हणाला. मी म्हटलं, उघडे ठेव, तरी चुकशील. लागली पैज.

हृषिकेश बर्वे आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. जर्मनीत, एर्लांगेनमध्ये येऊन अकरा वर्षं झाली, काम मेडिकल मशीनच्या कंपनीत, मायक्रॉनमध्ये मोजण्याचं. जिन्यात नियमांचे कागद चिकटवतो तो हाच. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्राऊ त्सेलर, वय चौऱ्याऐंशी, त्याला एकदा म्हणाल्या होत्या, तुम्ही आमच्याहून जास्त जर्मन आहात. ते सर्टिफिकेट त्याने प्लंबरलासुद्धा ऐकवलंय.

मी हरलो तर वर्षभर तळघराचा जिना मी झाडायचा. तो हरला तर रविवारी दुपारी बारा वाजता कोपऱ्यावरच्या काचकचऱ्याच्या डब्यांत पाच रिकाम्या बाटल्या टाकायच्या. हिरव्या, तपकिरी, पांढऱ्या काचेला इथे वेगवेगळा डबा, आणि झाकण आधी काढायचं. रविवार म्हणजे इथे शांततेचा वार. त्या दिवशी बाटली फोडणं म्हणजे चतुर्थीला मटण शिजवून वास शेजाऱ्यांकडे सोडण्यासारखं.

फ्राऊ त्सेलरकडे एक लाटेर्ना मागिका आहे. पत्र्याची पेटी, वर धुराडं, पुढे भिंग. आत रॉकेलचा दिवा लावायचा, रंगीत काचेची पट्टी सरकवायची, की भिंतीवर विदूषक. सव्वाशे वर्षांपूर्वी न्यूरेनबर्गचे कारखाने पोरांच्या नाताळासाठी अशी खेळणी धडाधड काढायचे. हिचं धुराडं लग्नात चढवून आलेल्या मामासारखं एका बाजूला कललेलं.

मी ती महिनाभर मागून घेतली आणि पुण्याला नेली. रविवार पेठेतल्या कुमार पत्रेवाल्याला म्हटलं, हुबेहूब दुसरी कर. त्याने उलटसुलट करून बघितली आणि म्हणाला, "साहेब, हे तिरकं आहे. असा माल माझ्या दुकानातून बाहेर जात नाही." सरळच केली पठ्ठ्याने. मग चिंच, मीठ आणि काजळी लावून मी तिला सव्वाशे वर्षांची केली.

शनिवारी दुपारी तळघरात दोन्ही पेट्या मांडल्या. एक इथली, एक पुण्याची; जर्मन कुठली ते त्याने ओळखायचं. अट एकच, उलटी करून शिक्का बघायचा नाही. पंच फ्राऊ त्सेलर. हृषिकेशने दिव्यांना मनाई केली, स्मोक अलार्म वाजेल म्हणून, आणि आत मोबाइलचे टॉर्च ठेवायला लावले. मग व्हर्नियर काढला. स्पिरिट लेव्हलसुद्धा आणली होती. वीस मिनिटं तो त्या खेळण्यांची मापं घेत होता. त्याची बायको सुकन्या तोवर माझ्या शेजारी शेंगदाणे खात बसली.

शेवटी त्याने कुमारच्या पेटीवर हात ठेवला. "हे बघा दादा, गेनाऊ, अगदी अचूक काटकोन. ही जर्मन. आणि ती दुसरी आपल्याकडची. चलता है."

फ्राऊ त्सेलरनी वाकडी पेटी उचलून मांडीवर घेतली.

"ही माझी," त्या म्हणाल्या. "माझी आजी त्या कारखान्यात धुराडीच बसवायची. दिवसात किती डझन झाली ते बघायचे, हेर बर्वे. सरळ आहेत का, कोण बघणार?"

मी फोनवर कुमारचा फोटो दाखवला. बनियन, तोंडात तंबाखू. हृषिकेशने तो बराच वेळ मोठा करून बघितला. मग सोमवारी टाकल्या तर चालेल का, असं विचारलं. सुकन्या म्हणाली, बाटल्या मी काढून ठेवते.

रविवारी बाराला रस्त्यावर सगळे शेजारी. हृषिकेश इस्त्रीच्या शर्टात आला. पहिली बाटली पडली तशी समोरच्या इमारतीच्या चार खिडक्या उघडल्या. पाठोपाठ आमचीही एक, तिसऱ्या मजल्यावरची.

"हेर बर्वे! आज रविवार आहे!"

मी खालून ओरडलो, फ्राऊ त्सेलर, पैजेच्या पंच तुम्हीच होतात.

"पैज आपल्या जागी, रविवार आपल्या जागी," त्या म्हणाल्या. "मला यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

हृषिकेशचे कान लाल झाले. त्याने वर बघून माफी मागितली, पिशवीत हात घातला आणि दुसरी काढली. तपकिरी निघाली. तो हिरव्या डब्यापाशी उभा होता. तिथेच टाकली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण सगळ्या खिडक्यांसमोरून तो चालत पलीकडच्या तपकिरी डब्यापर्यंत गेला, बाटलीचं झाकण काढून खिशात ठेवलं, आणि सोडली.