उत्तरासाठी ठेवलेली जागा

मी एक लॅपटॉप बोलतोय. मान ताठ ठेवून बोलण्याचं माझं वय आता राहिलं नाही. बिजागरी सैल झाल्यापासून मला भिंतीला टेकवूनच बसवतात. अंगावरची काही अक्षरंही बोटांनी पुसून नेलीत. तरीही बोलतोय, कारण मी ज्या घरात राहतो तिथे गप्प बसणाऱ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी फ्रान्समधल्या एका विमा कचेरीत होतो. तिथे माझ्या पोटात फक्त ठोकरलेल्या गाड्यांची माहिती भरली जायची. दिवसभर कुणाचं बोनेट चेपलं, कुणाचा आरसा तुटला, एवढंच. माझ्यासमोर बसून कुणी कधी गुणगुणलंसुद्धा नाही. मग नवे लॅपटॉप आले, आमची रवानगी खोक्यांत झाली आणि समुद्र ओलांडून मी ट्युनिशियात, स्फाक्सच्या जुन्या बाजारात येऊन पडलो.

तिथून मला रौदाने उचललं. रौदा केरकेना बेटावरच्या बालवाडीत शिकवते. बोटीत तिने मला पिशवीत न ठेवता मांडीवर घेतलं होतं, खारं पाणी उडेल म्हणून वर स्वतःची शाल टाकली होती. त्या क्षणापासून मी या घरचा झालो, खरं सांगतो.

घरात रौदा आणि तिची आई, मन्नूबिया. सगळं बेट तिला ‘खालती’, म्हणजे मावशी म्हणतं. बेटावरचं एकही लग्न तिच्या गळ्यावाचून लागत नाही. नवी सून घरी येते तेव्हा मन्नूबिया दारात उभी राहून गाते, आणि गाणं पुरं झाल्याशिवाय सुनेने उंबरा ओलांडायचा नाही अशी रीत आहे. एरवी ती ऑक्टोपस साफ करताना गाते, कुसकुस वाफवताना गाते आणि शेजारणीशी भांडतानाही मधूनच एखादी ओळ टाकते.

त्या वर्षी तिच्या मुलाचं, अनीसचं लग्न ठरलं. अनीस फ्रान्समध्ये, मार्सेयच्या गोदीत कामाला. मुलगी तिथलीच, सिहाम नावाची, घराणं मूळचं अल्जीरियातल्या ओरानचं. लग्न तिकडेच व्हायचं होतं. मन्नूबियाने बॅग भरली, लग्नात नेसायचा रेशमी लाल मेलिया, म्हणजे इकडचं लुगडंच, इस्त्री करून ठेवला, गळ्याला जपायचं म्हणून हरीसा, म्हणजे मिरचीची चटणी खाणं सोडलं. आणि व्हिसा नाकारला गेला. कारण काही कळवलं नाही.

मन्नूबिया अंगणात गेली, दोरीवर वाळत घातलेले ऑक्टोपस उतरवले आणि पुन्हा तेच वाळत घातले. सगळ्या बेटाच्या सुना हिने गाऊन घरात घेतल्या, आणि हिची स्वतःची सून मुक्यानेच उंबरा ओलांडणार. मला फार वाईट वाटलं. रौदाला तर बघवेना. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, की आई जाऊ शकत नसेल तर आईचं गाणं जाईल.

आता गाणं पाठवायचं तर आधी ते टिपायला हवं. स्फाक्समधला स्टुडिओ परवडणारा नव्हता. म्हणून रौदाने तिच्या मावसभावाला, लुत्फीला बोलावलं. लुत्फी लग्नांत कीबोर्ड वाजवतो. संगीतातला बेटावरचा एकमेव तज्ज्ञ आपणच, असं तो समजतो, आणि दुसरा कुणी नसल्यामुळे ते खरंही आहे. दोघांनी ठरवलं की गाणं टिपणारं, वाद्यं जोडणारं एखादं फुकटचं सॉफ्टवेअर शोधायचं. मग काय, माझ्या घरी स्थळं यायला लागली.

पहिलं आलं ते दिसायला राजबिंडं. सगळं फुकट, असं गोड बोलून आत शिरलं. रौदाने त्यात काहीतरी गुणगुणून बघितलं, आणि जतन करायला गेली तर गड्याने हात पुढे केला, आधी पैसे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्याला त्याच दिवशी वाटेला लावलं.

दुसऱ्याच्या पोटात अख्खा वाद्यवृंद होता. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. त्याने नुसती व्हायोलिनं उघडली आणि माझा पंखा असा भणाणला, की बोट लागली का, असं विचारत मन्नूबिया स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिसरं माझ्यात राहायलाच तयार नव्हतं, ते इंटरनेटवरूनच संसार करणार होतं. आमच्याकडे वारा सुटला की इंटरनेट जातं, आणि वारा तर सुटलेलाच असतो. चौथ्याजवळ तयार ताल होते. आमच्या मुलखातल्या तालांवर त्याने उंटाचं चित्र लावलं होतं.

लुत्फी म्हणाला, “याला वाटतं आपण उंटावर बसून गातो. हा खरा उंटावरचा शहाणा.”

शेवटी लुत्फीला एक पसंत पडलं. चटपटीत होतं, हलकं होतं, आणि सूर आपोआप नीट करायचं बटण त्यात होतं. त्याने लगेच मन्नूबियाला माझ्यापुढे बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले. ताल चुकू नये म्हणून सॉफ्टवेअरने टकटक सुरू केली. मन्नूबियाने हेडफोन काढून रौदाला सांगितलं, आधी दारावर कोण आहे ते बघ.

समजूत घातल्यावर ती गायली. एकटीच, भिंतीकडे बघत. मग लुत्फीने त्याचं ते लाडकं बटण दाबलं आणि गाणं तिला ऐकवलं.

मन्नूबियाने ते पूर्ण ऐकून घेतलं. “गळा माझाच आहे,” ती म्हणाली, “पण याला इस्त्री कुणी केली?”

तिचं बरोबर होतं. त्या गाण्याचा जीव एका गंधारात आहे. तो कोमलही नव्हे आणि शुद्धही नव्हे, दोन्हींच्या मधोमध, आपल्याच जागी मांडी घालून बसलेला. सॉफ्टवेअरला वाटलं बाईचा सूर हुकतोय, म्हणून त्याने प्रत्येक वेळी त्याला बखोट धरून शुद्धावर नेऊन बसवलं. लुत्फीला हे कळत नव्हतं असं नाही. त्याच्या कीबोर्डावर त्याच सुरासाठी वेगळं बटण आहे. पण लग्नात हौसेने गाणाऱ्या काका-मामांचे सूर सरळ करता करता त्याच्या हाताला खोडच लागली होती. तो मान खाली घालून बसला.

“राहू दे बिंती,” मन्नूबिया मुलीला म्हणाली. “माझ्या मुलाच्या लग्नात माझ्या नावाने दुसरीच कुणी गाणार असेल, तर त्यापेक्षा कुणीच नको.”

आणि ती पुन्हा अंगणात गेली. लग्न जवळ आलं होतं. रौदाने मला उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. आता तिची एकच अट होती, आई जशी आहे तशी आली पाहिजे.

आणि तेव्हा ते आलं. राखाडी रंगाचं, बापुडवाणं, चित्र ना नक्षी. ते कुणा एकाने केलेलं नव्हतं. देशोदेशीच्या लोकांनी पदरमोड करून, सुट्टीच्या दिवशी बसून ते घडवलं होतं. आमच्याकडे लग्नघरी न बोलावता पाणी वाढायला उभी राहणारी माणसं असतात, त्यांतली ती. ते वजनाला हलकं होतं, पैसे मागेना, इंटरनेटही मागेना, आणि मुख्य म्हणजे स्वतःची अक्कल पाजळेना. जे ऐकलं तेच परत ऐकवायचं. खाली साथीला कीबोर्डाचा सूर हवा तर तो पाव सुराने उतरवायची सोयही त्यात निघाली. ती लुत्फीनेच शोधली आणि घरभर नाचला.

रौदाने आईला काही न सांगता तिचं स्वयंपाकघरातलं गुणगुणणं टिपलं आणि ऐकवलं. मन्नूबियाने कांदा चिरता चिरता कान दिला.

“ही मी,” ती म्हणाली. “नाक चोंदलंय माझं.”

गायला ती तयार झाली, पण भिंतीकडे बघून नाही. हे गाणं मेंदीशिवाय म्हणायचं नसतं आणि बायकांशिवाय तर नाहीच, अपशकुन होतो. तेव्हा मेंदी भिजवली गेली, खजूर भरलेले गोड मकरूद तळले गेले, आणि एका दुपारी गल्लीतल्या सगळ्या बायका मेलिया नेसून घरात हजर झाल्या. मन्नूबियाने दूर मार्सेयला असलेल्या सुनेसाठी एका उशीवर मेंदीचा ठिपका लावला. माझा पंखा आवाज करतो म्हणून मला कपाटात, गोधड्यांच्या मध्ये कोंबलं होतं, आणि माईकची वायर तेवढी दाराच्या फटीतून बाहेर. आतून मी सगळं ऐकत होतो.

पण या गाण्यात एक गोम आहे. मुलाकडच्या बायका एक ओळ म्हणतात, मग थांबतात. पुढची ओळ मुलीकडच्यांची, उत्तराची. शेजारणींना ती उत्तरं पाठ होती, आणि त्या ती देणारच होत्या.

“खबरदार,” मन्नूबियाने बजावलं. “ते उत्तर आपलं नाही. तिकडच्यांसाठी जागा सोडायची. तोंडातून चकार शब्द निघाला तर मकरूद मिळणार नाही.”

लुत्फी दबक्या आवाजात म्हणाला, “खालती, ते लोक ओरानचे. त्यांना आपलं गाणं कुठून येणार? नुसतीच शांतता जाईल.”

“मग शांतता जाऊ दे, वलदी, माझ्या पोरा. पण मुलीकडच्यांचं तोंड मी बंद केलं असं कुणी म्हणायला नको.”

मग ती गायली. बायकांनी टाळ्यांवर साथ दिली, जिभेने त्या लांब किलकाऱ्या काढल्या, मांडीवरचा दरबुका ढोलकीसारखा घुमला, आणि प्रत्येक उत्तराच्या जागी सगळ्याजणी एकदम थांबल्या. पदर दातांत धरून धरून त्यांनी ती शांतता सांभाळली. उभ्या आयुष्यात त्या एवढं गप्प बसल्या नसतील. त्या राखाडी सॉफ्टवेअरने शांतता आहे तशी टिपली, कुठे कात्री लावली नाही. मी गोधडीत गुदमरत होतो, पण इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

लग्नाच्या दुपारी अनीसने मार्सेयच्या हॉलमधून व्हिडिओ कॉल लावला. मला बैठकीत मध्यभागी मांडलं आणि सगळी गल्ली माझ्यासमोर बसली. हॉलच्या दारात सिहाम उभी होती, भोवती तिच्या घरच्या बायका. अनीसने खूण केली आणि तिथल्या मोठ्या स्पीकरवर मन्नूबियाचा आवाज सुरू झाला.

*दार मोठं केलंय पोरी, समुद्र मागे ठेवून ये.*

आणि शांतता. हॉलमधले लोक एकमेकांकडे बघायला लागले. सिहामही गोंधळली. यंत्र बिघडलं म्हणून कुणीतरी स्पीकरकडे धावला, अनीसने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. दुसरी ओळ आली, पुन्हा शांतता. मन्नूबियाने डोळे मिटून घेतले. लुत्फीने ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणायला तोंड उघडलं आणि रौदाने त्याला कोपर मारलं.

तिसऱ्या वेळी गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. सिहामची आजी, हाज्जा खैरा. काठी नातीच्या हातात दिली आणि तिने आवाज लावला. शब्द आमच्या गाण्यातले नव्हते, तिच्या गावचे होते.

*जाई आमची कुंडीसकट नेताय, पाणी कोण घालणार ते सांगा.*

तेवढ्यात स्पीकरवरून मन्नूबियाची पुढची ओळ आली.

*मासे आमच्याकडे पुष्कळ आहेत, काट्यांना भिऊ नकोस.*

हॉलमध्ये हशा पिकला. विचारलं पाण्याचं आणि उत्तर माशांचं. पण आता कुणी थांबेना. प्रत्येक रिकाम्या जागेत हाज्जा खैरा काहीतरी विचारायची, मागून तिच्या लेकी-सुना किलकाऱ्या द्यायच्या. इकडे आमची गल्लीही सुटली, कारण आता मकरूदची भीती नव्हती. सिहामने हसत हसत उंबरा ओलांडला. मन्नूबिया माझ्या इतकी जवळ आली की तिच्या श्वासाने माझी काच धुरकट झाली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

“शब्द सगळे चुकले त्या बाईचे,” ती रौदाला म्हणाली. “पण सूर ऐकलास? मधलाच लागला.”

आता मी थकलोय. बॅटरी फुगलीय, वायर काढली की मी मरतो. रौदाने दुसरा लॅपटॉप घ्यायचं ठरवलंय आणि मला त्याचं दुःख नाही. तुम्हाला जाता जाता एवढंच सांगतो. गाण्यासाठी फुकटचं काही निवडणार असाल तर ते काय काय करून देतं हे विचारू नका, ते सगळेच सांगतात. ते तुमच्या माणसाला हात न लावता बसू शकतं का, तेवढं बघा.

खरं तर अजून पुष्कळ सांगायचं होतं. पण आज सकाळी ओरानहून एक फाईल आलीय. हाज्जा खैरा माहेरी गेली आहे, आणि तिथल्या नातवाकडे तेच राखाडी सॉफ्टवेअर निघालं. तिने एक नवं गाणं पाठवलंय. एक ओळ म्हटलीय, आणि पुढे लांबच लांब कोरी जागा सोडलीय.

मन्नूबियाने हात धुतलेत. हेडफोन चढवलेत, यावेळी स्वतःहून. ती घसा साफ करतेय. मी माझा पंखा थांबवतो, तुम्हीही जरा गप्प बसा.