इंग्रिडचं बारसं

"इंग म्हणजे त्यांच्याकडचा जुना देव, पीकपाण्याचा. आणि पुढच्या भागाचा अर्थ सुंदर. म्हणून इंग्रिड," विद्याताईंनी ढोकळ्याची बशी धरून उभ्या असलेल्या शेजारणीला सांगितलं. सकाळपासूनची ही तिसरी शेजारीण.

सोफ्याच्या टोकाला अंग चोरून बसलेल्या दयानंदनं मनातल्या मनात नाक मुरडलं. या विहीणबाईंना भाताचं रोप आणि गवत शेजारी ठेवून दाखवलं असतं तरी वेगळं ओळखता आलं नसतं, आणि नात मात्र पीकपाण्याच्या देवाची. आखातातल्या वादी कबीरमधला हा फ्लॅट त्यांचा. पाळणा भाड्याचा, त्याला गुंडाळलेली अबोली प्लास्टिकची, आणि नाव थेट नॉर्वेहून मागवलेलं. त्याचा लेक धनंजय, ज्यानं कॉलेजात जाईपर्यंत कधी इस्त्रीचा शर्ट घातला नव्हता, तो आज सासूनं निवडलेल्या कुर्त्यात ताठ उभा होता आणि दर वाक्यात 'ॲक्च्युअली' म्हणत होता.

दयानंद स्वतः इथून दूर सहम गावी शेतांवरचे पंप दुरुस्त करायचा. सव्वीस वर्षं. बायको मैना मालवणजवळच्या गावातच राहिली. तिनं दोन पोरं वाढवली, शेती केली, आणि गेल्या गणपतीनंतर चार दिवसांच्या तापात गेली. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

गावाच्या रीतीप्रमाणे तिनं कधी त्याचं नाव घेतलं नाही, आणि त्यानंही तिचं. 'अगो' म्हटलं की ती ओ द्यायची. फोनवरसुद्धा 'अगो, ऐकू येता?' एवढंच. लग्नातला उखाणा सोडला, तर एकतीस वर्षांच्या संसारात 'मैना' हा शब्द त्याच्या तोंडून एकदाही निघाला नव्हता.

म्हणून सुनेला दिवस गेल्याचं कळलं तेव्हाच त्यानं ठरवून टाकलं होतं. त्यांच्या घरात गेलेल्या माणसाचं नाव पुढच्या पोराला जातं. त्याचं स्वतःचं नाव पणजोबांचं. मुलगी झाली तर मैना. मग हाक मारायला लाज कसली? सुट्टीच्या दिवशी सहमहून यायचं आणि घरभर मैना, मैना करत फिरायचं. हे त्यानं कुणाला बोलून दाखवलं नाही. धनंजय त्याच घरात वाढला होता, त्याला काय सांगायचं?

विद्याताईंचं चालूच होतं. त्यांची वल्लरी, म्हणजे दयानंदची सून, शिकायला नॉर्वेत बर्गनला होती तेव्हा एका म्हातारीकडे राहायची. तिचं नाव इंग्रिड. मागच्या हिवाळ्यात ती गेली.

"आणि काय सुंदर पद्धत आहे बघा तिकडे," त्या म्हणाल्या. "आजी गेली की तिचं नाव नातीला द्यायचं. इंग्रिडबाईंनाही त्यांच्या आजीचंच मिळालेलं. पण त्यांना मूलबाळ नव्हतं. वल्लरी म्हणाली, मग आपण ठेवू. आपल्याकडे कुणाला सुचतं का असं काही?"

शेजारीण भारावली. तिला फार आवडली पद्धत.

दयानंदनं लेकाकडे पाहिलं. धनंजय पाळण्यासमोर मोबाईलचा स्टँड लावत होता. त्यानं ऐकलं होतं, कारण त्याची मान आणखी खाली गेली. दयानंदला त्या वाकलेल्या मानेची किळस आली. तो उठला आणि त्याला स्वयंपाकघरात घेऊन गेला.

"आवशीचा नाव तुका आठवाक नाय?"

"आठवलं होतं, बाबा. पण वल्लरीनं आधीच ठरवलेलं, आणि तुम्ही काही बोलला नाहीत." धनंजयनं दाराकडे बघून आवाज खाली घेतला. "ॲक्च्युअली, मैना म्हटलं तर शाळेत पोरं हसतील तिला."

"आणि ह्या नावाक?"

"ह्याला नाही हसणार."

हे मात्र खरं होतं. दयानंदला त्याचाच जास्त राग आला.

बाहेरून विद्याताईंची हाक आली. आत्याला व्हिसा मिळाला नव्हता, ती गावाकडून व्हिडिओवर बघत होती. तेव्हा कानात नाव सांगायचा मान आजोबांचा, असं परस्पर ठरलं होतं. दयानंद पाळण्यावर वाकला. बायकांनी रिवाजाप्रमाणे त्याच्या पाठीत धपाधप बुक्के मारले, आणि विद्याताईंनी बांगड्या वाजतील इतक्या जोरात एक मारून घेतला. पोर कपाळाला आठ्या घालून त्याच्याकडे बघत होती. त्या आठ्या मैनाच्या होत्या.

कानात काय सांगितलं ते कोण ऐकणार होतं? नाव ओठांवर आलं. आणि त्याला ती परकी म्हातारी आठवली, जिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. तिनं त्याचं काय वाकडं केलं होतं? तिच्या मागे नाव चालवायला कुणी नव्हतं. मेलेल्या बाईचं नाव पाळण्यातून हिसकावून घेणं त्याला जमेना.

"कुर्रर्र," तो म्हणाला. "इंग्रिड."

टाळ्या झाल्या. धनंजयनं डोळे पुसले, आणि मोबाईलमध्ये ते नीट आले का हेही पाहून घेतलं.

जेवणं सुरू झाली तशी पोर रडायला लागली. वल्लरीनं थोपटलं, विद्याताईंनी इंग्रिड, इंग्रिड करत खुळखुळा वाजवला, तशी ती आणखीच पेटली. शेवटी वल्लरीनं तिला दयानंदच्या हातात दिलं. तो तिला घेऊन बाल्कनीत गेला. खाली वर्कशॉपात कुणीतरी पत्रा ठोकत होतं. त्यानं तिला खांद्यावर घेतलं, ग्रीसनं कायमची काळी झालेली नखं लागू नयेत म्हणून बोटं दुमडली, आणि तोंड तिच्या कानाशी नेलं.

"अगो," तो म्हणाला. "अगो, ऐकू येता?"

पोर हुंदका गिळून गप्प झाली.

विद्याताई दारात उभ्या होत्या. "दयानंदराव, तिला नावानं हाक मारा हो," त्या हसून म्हणाल्या. "आतापासून सवय व्हायला हवी."

दयानंदनं वळून पाहिलं नाही.

"नावानच मारलंय," तो म्हणाला.