मिटवामिटवीचा कागद

अपघाताला नऊ दिवस झाले होते. कुरुळीतल्या भाड्याच्या खोलीत धनेश भिंतीला टेकून बसला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि बाहेर राहिलेल्या शेवटच्या दोन बोटांना स्पर्श कळत नव्हता. बायको विजयश्री ती बोटं चोळत राहायची. तो बघत राहायचा, जणू हात दुसऱ्याच कुणाचा आहे. लातूरहून आईचा फोन आला की "बरंय" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा.

त्या दिवशी निघोजेच्या कारखान्यात पत्रे दाबणाऱ्या प्रेस मशीनवरची पहिली शिफ्ट संपवून तो मोटारसायकलवरून घरी येत होता. लांबचा वळसा नको म्हणून उलट्या बाजूने घुसलेल्या टेम्पोने त्याला उडवलं. चहाच्या टपरीवरच्या चार-पाच जणांनी ते पाहिलं. तरी तक्रार झाली नाही. टेम्पोचे मालक बबनराव दवाखान्यात येऊन म्हणाले, "आपसात मिटवू," आणि धनेशने मान हलवली.

आज ते कागद आणि पैशांचं पाकीट घेऊन आले होते.

"वीस हजार हायेत. आपली काही तक्रार न्हाई, एवढंच लिवलंय. आन् तुझ्या गाडीचा विमा तर आधीच संपलेला. चौकीत गेलास तर तूच अडकशील."

ते खरं होतं. अपघाताच्या दिवशी विमा संपून बारा दिवस झाले होते. पगार झाला की भरू म्हणत राहून गेला होता. त्यामुळे आपल्याला बोलायला तोंडच नाही, असं धनेशने धरून टाकलं होतं.

शेजारच्या नीलाताई वरण घेऊन आल्या होत्या. खेडच्या कोर्टाजवळ एका वकिलांकडे त्या टायपिंग करायच्या. त्यांनी विचारलं, "बबनराव, टेम्पोचा विमा चालू आहे ना?"

"हाय की. दरसाल भरतो."

"मग भरपाई विमा कंपनी देईल. दरसाल भरता ते कशासाठी?"

"केस झाली की गाडी चौकीत अडकती, ताई. खेपा बुडत्यात."

"गाडी सुटून येईल. ह्याचं प्रेसवरचं काम कायमचं सुटलं तर?" मग त्या धनेशकडे वळल्या. "विमा संपला ही तुझी चूक. तिचा दंड भर. पण उलट्या बाजूने तू आला नव्हतास. एका चुकीपायी दुसरी माफ होत नाही. दवाखान्यात नोंद आहे, साक्षीदार आहेत. सहा महिन्यांच्या आत दावा टाकता येतो."

"जाऊ द्या, ताई," धनेश सपाट आवाजात म्हणाला. "आणा कागद."

पण पेन धरता येईना. बबनरावांनी खिशातून शाईची डबी काढली. "डावा अंगठा लाव. चालतंय."

त्याने अंगठा शाईत बुडवला. कागदाच्या वर नेला आणि तिथेच थांबला. निळ्या अंगठ्याकडे बघता बघता नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्याला अपमान वाटला.

"मला लिहिता येतं," तो म्हणाला. "आयटीआय केलंय मी." आणि पाकीट परत सरकवलं.

दुसऱ्या दिवशी विजयश्री आणि नीलाताई त्याला पोलीस ठाण्यात घेऊन गेल्या. आपला विमा संपल्याचं त्याने स्वतःच सांगितलं आणि दंड भरला. टपरीवाल्याने साक्ष दिली. सरकारच्या विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळाला. दीड वर्ष तारखा पडल्या. शेवटी लोकअदालतीत टेम्पोच्या विमा कंपनीने दवाखान्याचा खर्च, बुडालेला पगार आणि हाताला आलेलं कायमचं अपंगत्व, या सगळ्याची भरपाई मान्य केली. एका बोटाला स्पर्श परत आला, दुसऱ्याला आला नाही. कारखान्याने त्याला प्रेसवरून स्टोअरमध्ये घेतलं.

कोर्टाबाहेर बबनराव जवळ आले. "भरपाईपायी घर इकावं लागंल असं वाटलं व्हतं मला. भरपाईला माझा रुपया गेला न्हाई. उगाच घाबरलो, अन् तुलाबी घाबरवलं. आता डायवर उलट्या बाजूनं गेला तर चावी काढून घेतो."

धनेशने मान हलवली. राग नव्हता, आनंदही फारसा नव्हता. पण घरी जाताना त्याने विजयश्रीला आपणहून विचारलं, "चहा घेऊ या का?"

वाचकहो, आपला विमा वेळेवर भरा. आणि चूक दुसऱ्याची असेल, तर भीतीपोटी कोणत्याही कागदावर सही करू नका. भरपाई मागणं म्हणजे कुणाशी वैर धरणं नव्हे. जखमी माणसाला कायद्याने दिलेला तो हक्क आहे.