काळोखातली पपई

“सूर्यनारायण आमच्या आज्ञेत आहे,” असं तेजोनिधी महाराजांनी ओट्यावरून जाहीर केलं, आणि संभाजी नावाच्या सेवेकऱ्याला छत्री जरा उजवीकडे धरायला सांगितलं. महाराजांच्या उजव्या कानावर ऊन येत होतं.

समोरच्या रांगेला मात्र छत्री वर्ज्य होती. स्वारगेटच्या मागच्या एका गल्लीत, पूर्वी सतरंज्यांचं गोदाम असलेल्या हॉलसमोर, पांढऱ्या फरशीच्या अंगणात, एप्रिलच्या भर दुपारी माणसं ताटकळत उभी होती. टोपी नाही, गॉगल नाही. ऊन डोळ्यांत साठवायचं, आत गेल्यावर त्याचं तेज होतं, असा नियम. एरवी या वेळी दारावर कुणी आलं तर त्याच्याशी जन्माचं वैर धरणारे लोक इथे आपणहून घामाने निथळत होते, आणि मध्ये घुसणाऱ्याला “आपल्याला महाराजांनी वेगळी वेळ दिली आहे का?” एवढंच विचारत होते.

रांगेत बापूरावही होते. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले होते. तिथे ते तपासणी विभागात होते, म्हणजे आयुष्यभर शंका घेण्याचा त्यांना पगार मिळाला होता. निवृत्तीनंतर तेच काम ते बिनपगारी करत. भाजीवाल्याचा काटा, पावसाचा अंदाज, लग्नपत्रिकेवरची वेळ, यांतलं काहीच त्यांनी आजवर पास केलं नव्हतं. अशा माणसाला इथवर आणलं होतं त्यांच्या नातीने. चार वर्षांची ओवी त्यांचं बोट धरून, डोळे किलकिले करून उभी होती.

ओवीला संध्याकाळी दिसेनासं झालं होतं.

लक्षात आलं ते दुर्गाबाईंच्या. दुर्गाबाई सहकारनगरात पाळणाघर चालवत. ओवीचे आईवडील, अस्मिता आणि केदार, हिंजवडीच्या ऑफिसातून परत येईपर्यंत ती त्यांच्याकडे असायची. दिवेलागणीला बाकीची मुलं जिन्याखालून आपापल्या चपला हुडकून आणत. ओवी पायरीवर बसून हाताने चाचपत राही. आई दारात येऊन उभी राहिली तरी हाक ऐकू येईपर्यंत ती ओळखत नसे. दुर्गाबाईंनी सांगितलं, अस्मिता घाबरली, आणि घरातले सगळे मुलांच्या डॉक्टर नीरजाबाईंकडे गेले.

डॉक्टरांनी विचारलं, ही खाते काय? उत्तर सोपं होतं. पांढरं. दहीभात, बिस्किटं, साखर-पोळी, फार तर पास्ता. ताटात रंग दिसला की ओवी ओठ घट्ट मिटायची. दिवसभर लेकरू दुसऱ्याच्या घरी असतं, निदान मनासारखं तरी खाऊ दे, म्हणून अस्मिता आग्रह करत नसे, आणि पाळणाघरालाही तिने तेच बजावलं होतं. त्यात पाळणाघरात एकाचं पोट बिघडलं की सगळ्यांचं बिघडतं. ओवीचे जुलाब वर्षभर येऊन-जाऊन होते. दर सहा महिन्यांनी द्यायचा जीवनसत्त्वाचा डोस? तो पाळणाघरात देतात, अशी अस्मिताची समजूत होती. घरी देतात, अशी दुर्गाबाईंची.

“अ जीवनसत्त्वाची कमतरता,” डॉक्टर म्हणाल्या. “त्यामुळे रातांधळेपणा. आज डोस, उद्या डोस, दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि ताटात रंग. वेळेत दिलं तर मुलगी बरी होते. उशीर झाला, बुबुळ कोरडं पडून त्याला जखम झाली, तर गेलेली नजर मला परत आणता येणार नाही.”

अस्मिताच्या कानात ‘कमतरता’ एवढाच शब्द शिरला. कमतरता, आणि आपल्याकडे? ज्या घरात एक फ्रिज पुरेना म्हणून गॅलरीत दुसरा फ्रिज ठेवलाय, तिथे? डोस घरीच देते म्हणून तिने बाटली आणली आणि फ्रिजमध्ये सॉसच्या मागे ठेवून दिली. याच सुमारास ऑफिसातल्या एका मैत्रिणीने महाराजांचं नाव सांगितलं. महाराजांनी तर ओवीकडे न बघताच निदान केलं: “तुमच्या ऐश्वर्याला दृष्ट लागली आहे.” हे कसं सगळ्यांना पटलं. दृष्ट लागायला आधी ऐश्वर्य असावं लागतं. नुसतं ऐकूनच केदारची मान थोडी ताठ झाली.

तर अशी ही मंडळी आत गेली. दारात मोबाईल काढून घेतले, कारण मोबाईलमुळे तेज पळतं. दोन जाड पडदे ओलांडले, आणि पुढे मिट्ट काळोख. हाताला हात दिसेना.

“देवी समोर आहे. कुणाला दिसते?” महाराजांचा आवाज आला.

कुणालाच दिसत नव्हती.

“पापाचा पडदा,” महाराज म्हणाले, आणि संभाजीने एकेकाच्या डोळ्यांवर जाड केशरी पट्टी बांधली. मग स्तोत्र सुरू झालं. ते इतकं लांबलचक होतं की बापूरावांची मधे एक झोप झाली. शेवटी पट्ट्या सुटल्या, आणि समोर, जिथे मघाशी काही म्हणजे काही नव्हतं, तिथे चांदीची देवी! चार हात, मुकुट, नाकातली नथसुद्धा. लोक गहिवरले. कुणी रडलं. बापूरावांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. देवी होती.

“दिसली ना, बापू?” अस्मिताने विचारलं.

“दिसली,” बापूराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी पास करावं लागलं होतं, आणि तेही सुनेसमोर.

दिसली नाही ती एकट्या ओवीला. “काळं आहे,” ती म्हणाली. देवीच्या हातात काय आहे सांग बाळ, असं महाराजांनी लाडाने विचारल्यावर तिने थोडा विचार करून “चॉकलेट” असं सांगितलं. महाराज गंभीर झाले. दोष खोल आहे, म्हणाले. दर गुरुवारी यायचं. औषध बंद. आणि केशरी रंग देवीचा असल्यामुळे तो खायचा नाही, अर्पण करायचा. पपई, भोपळा, गाजर, आंबा, सगळं इथे आणून द्यायचं.

आता ओवीने जन्मात भोपळा खाल्ला नव्हता, तेव्हा तिला हे व्रत फारच आवडलं. बाकी भक्तांच्या अर्पणाने हॉलच्या मागची खोली मंडईच्या गाळ्यासारखी दिसत होती.

आठवडाभर बापूराव गप्प होते. घरात सगळ्यांना वाटलं, त्यांना प्रचीती आली. त्यांना खरं तर रोज संध्याकाळी नात भिंतीला हात लावत बाथरूमपर्यंत जाताना दिसत होती. हल्ली तिने डोळे चोळायलाही सुरुवात केली होती. आणि आपण स्वतःच्या डोळ्यांनी देवी पाहिली, हे म्हणणं खोडायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

बुधवारी रात्री स्कूटरवरून येताना त्यांच्या डाव्या डोळ्यात किडा गेला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तो काढला, ओरखडा आहे म्हणाले, आणि कापसाची जाड घडी ठेवून वर चिकटपट्टी लावली. गुरुवारी दुपारी बापूराव घरच्यांबरोबर, एका डोळ्याने, त्याच रांगेत, त्याच उन्हात उभे राहिले. मग आत. तोच काळोख.

“याच्या डोळ्याला हे काय?” पट्टी बांधणाऱ्या संभाजीने वर्दी दिल्यावर महाराजांनी विचारलं.

“किडा गेला होता. डॉक्टरांनी बांधलंय.”

“काढ ते,” महाराज गरजले. “या गाभाऱ्यात माणसाने बांधलेलं काही चालत नाही.”

बापूरावांनी ते काढलं आणि डावा डोळा उघडला.

समोर देवी होती. कोपऱ्यात मडक्याआड समईची एक वात होती. मडक्याच्या भोकातून तिचा कवडसा देवीवर पडत होता. भिंतीला टेकलेला एक सेवेकरी जांभई देत होता. आणि व्याघ्रासनावर स्वतः महाराज, डावा हात आशीर्वादासाठी वर, उजव्या हातात पपईची फोड.

बापूरावांनी डावा डोळा मिटला. काळोख. उघडला. पपई. उजवा उघडून बघितला, काळोख. पुन्हा डावा, पपई, आता जरा लहान झालेली. तपासणी विभागात एका चाचणीवर विश्वास ठेवत नाहीत.

“महाराज,” ते अदबीने म्हणाले, “बिया उपरण्यावर पडताहेत.”

मचमच थांबली.

“कोण बोललं?”

“मी, पट्टीवाला. मला देवी दिसतेय. आपणही दिसताय.”

“अजून स्तोत्र झालेलं नाही.”

“तेच विचारायचं होतं. स्तोत्राआधीच दिसतंय, पण फक्त डाव्या डोळ्याला.”

काळोखात कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी मोठ्या शिताफीने खुलासा केला, की डावा डोळा पूर्वजन्मी तपस्वी असावा.

“आणि उजवा?”

“उजवा संसारी.”

“दोघं जुळे आहेत हो, महाराज,” बापूराव म्हणाले.

मग मात्र हशा आवरेना. त्या गोंधळात बापूराव पडदे सारून बाहेर अंगणात आले आणि पुढच्या तुकडीला त्यांनी एकच विनंती केली: आत जाईपर्यंत एक डोळा तळहाताने घट्ट झाकून ठेवा, आत गेल्यावर उघडा. फुकटात काही करून बघायला मिळतंय म्हटल्यावर रांग तयार झाली. अर्धं पुणं जणू कुणाला तरी चुकीच्या हाताने सलाम करत उभं होतं. थोड्या वेळाने ही मंडळी आत गेली, आणि आतून आवाज येऊ लागले. “दिसतेय की!” “मला उजव्याने दिसतेय.” “अहो, तो उपरण्याने तोंड पुसतोय तो कोण?”

बापूरावांनी दारावरून आपला मोबाईल परत घेतला, नीरजाबाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

“पेशंट बसलेत, थोडक्यात सांगा,” डॉक्टर म्हणाल्या. बापूरावांनी सांगितलं. “यात चमत्कार कसला? तुम्ही मॅटिनीला उशिरा जाता तेव्हा काय होतं?”

“लोकांच्या मांडीवर बसतो.”

“आणि थोड्या वेळाने?”

“कुणाच्या ते दिसतं.”

“झालं तर. कमी उजेडात दिसण्यासाठी डोळ्याच्या पडद्यात एक द्रव्य असतं. लख्ख उन्हात ते विरतं, काळोखात पुन्हा तयार होतं. त्याला वेळ लागतो. तो वेळ पट्टी बांधून काढला, की श्रेय पट्टीला. तुमचा झाकलेला डोळा उन्हात गेलाच नव्हता, म्हणून त्याला लगेच दिसलं.”

त्यांच्यामागोमाग बाहेर आलेली अस्मिता पुढे झाली. “मग मागच्या वेळी ओवीला शेवटपर्यंत का नाही दिसलं?”

“कारण ते द्रव्य अ जीवनसत्त्वापासून बनतं, आणि तिच्याकडे ते नाही. त्या खोलीत तिचेच डोळे आजारी होते. बाकी सगळे धडधाकट, म्हणून त्यांना देवी दिसली. डोस दिला का?”

अस्मिताने केदारकडे पाहिलं.

“फ्रिजमध्ये आहे,” केदार पुटपुटला.

“फ्रिजला दिसतं व्यवस्थित,” डॉक्टर म्हणाल्या. “मुलीला द्या. आणि घाई म्हणून दुप्पट देऊ नका, तेही विषच. मी सांगितलंय तेवढाच.” फोन बंद झाला.

महाराज मागच्या दाराने तपश्चर्येला निघून गेले होते. चौकशीअंती कळलं, की पूर्वाश्रमी ते दिगंबर नावाने एका फोटो स्टुडिओत डार्करूम सांभाळत. म्हणजे काळोखात दिसायला किती वेळ लागतो, ही विद्या त्यांना खरोखरच साध्य होती. लोक थोडे ओशाळून चपला शोधू लागले. एक आजोबा मात्र अजून भक्तिभावाने म्हणाले, काही झालं तरी देवी दिसली हे खोटं नाही ना?

“खोटं नाहीच,” बापूराव म्हणाले. “मलाही दिसली. आठवडाभर त्या देवीने माझी वाचा बंद केली होती. पण मी तेव्हाच दोन गोष्टी विचारायला हव्या होत्या. महाराजांशिवाय हे घडतं का? आणि ज्याला खरी गरज आहे त्याला गुण येतो का? माझी नात तिथे उभी राहून ‘काळं आहे’ म्हणत होती. एवढ्या माणसांत खरं सांगणारी ती एकटी, आणि आम्ही तिलाच दोषी ठरवून घरी नेलं. मूल सांगतंय की दिसत नाही, तर त्याचं ऐका आणि डॉक्टरकडे न्या. कमतरता म्हटल्याने कुणाची अब्रू जात नाही. डोळा मात्र जातो.”

ओवीला त्याच दिवशी डोस मिळाला, दुसऱ्या दिवशी दुसरा, आणि ठरल्या वेळी तिसरा. दुर्गाबाईंनी नीरजाबाईंना पाळणाघरात बोलावून सगळ्या मुलांची तपासणी करून घेतली. डोस चुकलेली मुलं बरीच निघाली. त्यांत एका आहारतज्ज्ञ बाईंचा मुलगाही होता. त्या दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना गाजराचं महत्त्व सांगत असत. आता पाळणाघरात रोज रंगीत भाजी शिजते, आणि डोस कुणी द्यायचा हे दुर्गाबाई आईबापांना तोंडावर विचारतात.

मे महिन्यात एका रात्री जेवायच्या वेळी वीज गेली. अस्मिताने मेणबत्ती लावून लांब कपाटावर ठेवली. सगळे ओवीकडे बघत होते. ती ताटावर वाकली, मग मान वर करून तिने एकेकाकडे पाहिलं.

“आई रडतेय,” ती म्हणाली. “बाबांच्या शर्टावर आमटी सांडलीय. मला सगळं दिसतंय.”

अस्मिताने डोळे पुसले. एवढ्यात ओवी बापूरावांच्या कानाशी आली.

“आजोबा, भोपळापण दिसतोय. तो तुमच्या ताटात घ्या ना.”